आधी भाकीत, मग चाचणी

शाळेतल्या मुलांनी मोबाइल फोनसाठी स्वत: ॲप तयार करावे, ही कल्पना आता नवलाईची राहिलेली नाही. विज्ञान प्रदर्शनांत तक्ते आणि प्रतिकृती यांच्या शेजारी मुलांनी बनविलेली ॲपही मांडलेली दिसू लागली आहेत. ही गोष्ट ज्या साधनांमुळे शक्य झाली, त्यांपैकी ‘ॲप इन्व्हेंटर’ हे एक महत्त्वाचे साधन होय. त्यातील सोयींचा शाळेत उपयोग कसा व्हावा, याविषयी भौतिकशास्त्राचा एक शिक्षक म्हणून मला काही सांगावयाचे आहे.

प्रथम या साधनाची ओळख करून घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेतील प्राध्यापक हॅल ॲबेल्सन आणि गूगलमधील मार्क फ्रीडमन यांच्या पुढाकाराने ते तयार झाले. गूगलने २०१० साली ते लोकांसमोर आणले. २०१२ पासून एमआयटी ते चालविते. त्याच्या वापरासाठी पैसे पडत नाहीत. संगणकावर ब्राउझर उघडला की काम सुरू करता येते.

या साधनाची दोन दालने आहेत. ‘डिझायनर’ या दालनात ॲपचा पडदा मांडावयाचा असतो. बटन, चित्र, अक्षरांची पट्टी, घड्याळ, त्वरणमापक असे तयार घटक उचलून त्यावर ठेवावयाचे. ‘ब्लॉक्स’ या दुसऱ्या दालनात त्या घटकांनी केव्हा काय करावे, हे रंगीत ठोकळे जोडून सांगावयाचे. ‘बटन दाबले की आवाज कर’ ही आज्ञा म्हणजे एकात एक बसविलेले दोन ठोकळे. जेथे संख्या हवी तेथे शब्दांचा ठोकळा बसतच नाही. त्यामुळे अर्धविराम राहिला, कंस चुकला, अशा चुकांत मुलांचा वेळ जात नाही.

पूर्वी ठोकळ्यांचे दालन चालविण्यासाठी संगणकावर वेगळी आज्ञावली उतरवून घ्यावी लागे. २०१३ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती कटकट संपली आणि दोन्ही दालने ब्राउझरमध्येच आली. फोनवर ‘कंपॅनियन’ हे ॲप घेऊन तो संगणकाशी जोडला की, संगणकावर केलेला बदल तत्काळ फोनच्या पडद्यावर दिसतो. एका प्रकल्पातले ठोकळे दुसऱ्या प्रकल्पात नेण्यासाठी ‘बॅकपॅक’ आहे. अलीकडच्या वर्षांत आलेख काढणारा घटक आला आणि आलेखावरील बिंदूंमधून योग्य रेषा काढून देणारी ‘ट्रेंडलाइन’ही आली.

या सोयींचे मोल जुन्या काळाशी तुलना केली म्हणजे कळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी-३६०० हा संगणक आला. त्या पिढीच्या संगणकांना आज्ञावली द्यावयाची ती छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर. पत्त्यांचा गठ्ठा संगणकचालकाच्या स्वाधीन करावयाचा आणि उत्तराची वाट पाहात बसावयाचे. एखादे छिद्र चुकले असेल तर सगळा खटाटोप पुन्हा करावयाचा. आज आठवीतल्या मुलीने ठोकळा हलविला की परिणाम क्षणात तिच्या हातात येतो. हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असू नये.

परंतु त्या जुन्या अडचणीत एक गुण दडलेला होता. उत्तर उशिरा येणार म्हणून माणूस गठ्ठा देण्यापूर्वी कागदावर आकडेमोड करी. यंत्र काय उत्तर देईल, याचा अंदाज त्याच्या मनात आधीच तयार असे. उत्तर वेगळे आले, तर तो चमके आणि कारण शोधू लागे. वाट पाहणे संपले, त्याबरोबर अंदाज बांधण्याची सक्तीही संपली. आता मुले संख्या बदलतात, पडद्याकडे पाहतात, पुन्हा बदलतात आणि ‘जमले’ म्हणून थांबतात. का जमले, हे विचारले तर गप्प होतात. प्रयोगशाळेतही भिंग पुढेमागे सरकवीत प्रतिमा स्पष्ट होताच वाचन लिहून मोकळे होणारे विद्यार्थी असतात. सवय तीच, साधन नवे.

माझे मत असे की, ठोकळा जोडल्यावर आणि परिणाम पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले भाकीत वहीत लिहिलेच पाहिजे. याने काय साधते, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

ॲप इन्व्हेंटरमध्ये पडद्यावर फिरणारा ‘बॉल’ हा घटक आहे. त्याच्या ‘स्पीड’ची संख्या म्हणजे एका खेपेत तो किती चित्रबिंदू सरकेल ते, आणि ‘इंटर्व्हल’ म्हणजे दोन खेपांमधील काळ, मिलिसेकंदांत. स्पीड ५ आणि इंटर्व्हल १०० असेल, तर सेकंदाला दहा खेपा होतील आणि चेंडू सेकंदाला ५० चित्रबिंदू जाईल. आता स्पीड १० व इंटर्व्हल ५० केला तर? दोन्ही आकडे ‘दुपटीचे’ वाटतात, म्हणून पुष्कळ मुले वेग दुप्पट होईल असे म्हणतात. वस्तुत: खेपाही दुप्पट झाल्या आणि प्रत्येक खेपेतील अंतरही, वेग चौपट, म्हणजे २०० चित्रबिंदू झाला. ज्याने आधी ‘शंभर’ असे लिहिले असेल, त्याला आपली चूक सापडते आणि ‘स्पीड’ असे नाव दिलेली राशी एकटी वेग ठरवीत नाही, हे तो विसरत नाही. ज्याने काहीच लिहिले नाही, त्याला फक्त चेंडू जोरात पळाला एवढेच दिसते.

दुसरे उदाहरण त्वरणमापकाचे. फोन टेबलावर शांत पडला आहे. त्वरणमापकाच्या तीन दिशांतील आकडे पडद्यावर दाखविणारे ॲप पाच मिनिटांत तयार होते. वर्गाला विचारा, ‘आकडे किती दिसतील?’ फोन हलत नाही, तेव्हा तिन्ही शून्य, असे उत्तर बहुधा मिळेल. प्रत्यक्षात दोन आकडे शून्याजवळ राहतात आणि तिसऱ्याचे मूल्य ९.८ च्या आसपास येते. याचे कारण या उपकरणाच्या रचनेत आहे. फोनमधील चकतीत अतिसूक्ष्म स्प्रिंगांना एक वस्तुमान टांगलेले असते, आणि चौकटीच्या मानाने ते किती सरकले, हे मोजले जाते. टेबल चौकटीला वर रेटून धरते, वस्तुमान गुरुत्वामुळे किंचित खाली झुकते, आणि ते झुकणे आकड्याच्या रूपाने आपल्याला दिसते. ठोकळ्यावर ‘त्वरण’ असे लिहिले असले, तरी तो काय मोजतो हे भौतिकशास्त्रालाच विचारावे लागते. भाकीत चुकल्याशिवाय हा प्रश्न वर्गात निघत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समजा, एका गटाने लंबकाचे आवर्तनकाल मोजले. लांबी ०.६ मीटर असताना १.५५ सेकंद, ०.८ मीटरला १.८० सेकंद आणि १ मीटरला २.०१ सेकंद. हे बिंदू आलेखात भरून सरळ ट्रेंडलाइन मागितली की रेषा तिन्ही बिंदूंच्या अगदी जवळून जाते. गट खूष होतो. पण हीच रेषा मागे वाढविली, तर शून्य लांबीच्या लंबकाला एका आंदोलनास सुमारे ०.९ सेकंद लागतो, असे ती सांगते! लंबकच नाही, मग आंदोलन कसले? चूक ट्रेंडलाइनची नाही. सरळ रेषा मागितली आणि तिने ती दिली. आवर्तनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून लांबीसमोर आवर्तनकालाचा वर्ग मांडला असता रेषा शून्यातून गेली असती. कोणती रेषा कशातून जावी, हे आधी ठरविणे विद्यार्थ्याचे काम आहे. यंत्र ते आपणहून करीत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. काही शिक्षक म्हणतात, ‘ठोकळे हा पोरखेळ आहे, मुलांना सरळ अक्षरी संगणकभाषा शिकवा.’ मला हे पटत नाही. दुसऱ्याची अक्षरी आज्ञावली न समजता उतरविणाराही विचार करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. मुलांसाठी १९६७ साली ‘लोगो’ ही भाषा घडविणाऱ्यांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, यांनी चुका शोधून दुरुस्त करणे हेच शिकण्याचे मोठे साधन मानले. मग मुलांना मोकळेपणाने करून पाहू द्यावे, भाकिताचे ओझे कशाला? पण चूक ही चूक म्हणून ओळखू येण्यास काहीतरी अपेक्षा असावी लागते. अपेक्षाच नसेल तर येईल ते उत्तर बरोबरच वाटते. म्हणून पॅपर्ट यांचे म्हणणे आणि भाकिताचा आग्रह यांत विरोध आहे, असे मला वाटत नाही.

शाळेत हे करण्यास खर्च लागत नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: भाकीत, निरीक्षण आणि फरकाचे कारण. चार-पाच जणांत एक फोन असला तरी पुरे. फोन दुसऱ्याच्या हाती असेपर्यंत आपले भाकीत लिहावे. फोन नसेल तर संगणकावरच फोनची नक्कल चालविता येते, मात्र त्वरणमापकासाठी खरा फोन हवा. ॲप चालेनासे झाले, तर सगळे मोडून पुन्हा जुळवू नये. एकेका ठोकळ्यावर ‘डू इट’ ही सोय वापरून तेवढ्याच भागाचे मूल्य पाहावे. विद्युत्-मंडलात बिघाड झाला म्हणजे आपण मापक घेऊन एकेक टोक तपासतो, तसेच हे आहे. शिक्षकांना माझी विनंती अशी की, प्रदर्शनात गुण देताना पडद्याच्या रंगरूपाबरोबर हे तीन रकानेही पाहावेत.

हा आग्रह आताच धरण्याचे आणखी एक कारण आहे. साध्या भाषेत वर्णन केले की ॲप जुळवून देणारी साधने आली आहेत. एमआयटीच्या याच गटाने ‘ॲप्टली’ नावाच्या अशा साधनावर काम केले आहे. उद्या ठोकळे जोडण्याचेही श्रम उरणार नाहीत. तेव्हा मिळालेले ॲप बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यास विद्यार्थ्याजवळ स्वत:चे भाकीतच लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग करून पाहा. त्वरणमापकाचे वाचन घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला यादीत साठविणारे ॲप तयार करा. घड्याळाचा काळ १००० मिलिसेकंद ठेवा. घरातील मोठ्यांच्या परवानगीने एखादा जुना फोन अर्ध्या मीटरवरून जाड गादीवर सोडा. पडत असताना त्वरणमापक कोणता आकडा दाखवील? तो तुमच्या यादीत सापडेल का? नसेल, तर घड्याळाचा काळ किती ठेवावा? पडण्यास लागणारा वेळ आधी कागदावर काढा आणि तिन्ही उत्तरे लिहून झाल्यावरच फोन हातातून सोडा.