प्रमाणपत्र एकाचे, वर्ग दुसऱ्याचा

बॅले नर्तक सरावाला धरतात त्या आडव्या दांड्याजवळ करायचा ‘बार’ आणि चटईवर किंवा ‘रिफॉर्मर’ या स्प्रिंगच्या उपकरणावर करायचे पिलाटीज हे वर्ग स्टुडिओंच्या वेळापत्रकात शेजारी असतात आणि पुष्कळदा दोन्हींपुढे शिक्षिकेचे नाव एकच. ती दोन्ही नीट शिकलेली असेल तर उत्तमच. पण बारचे प्रशिक्षण बहुधा एखाद्या शनिवार-रविवारात उरकते. पिलाटीजच्या सर्व उपकरणांसह पूर्ण प्रशिक्षणाला 450 तास किंवा अधिक लागतात.

दोन्ही पद्धतींचे जनक मूळचे जर्मन. जोसेफ पिलाटीज पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या छावणीत स्थानबद्ध होते, पुढे 1926 मध्ये न्यूयॉर्कला गेले. नाझी राजवटीतून निसटलेल्या नर्तकी लोटे बर्क यांनी पाठीच्या दुखापतीनंतर 1959 मध्ये लंडनला स्टुडिओ काढला. वर्गातले काम मात्र फार वेगळे.

बार संगीतावर चालतो. गुडघे वाकवून, टाचा उचलून, मांड्या थरथरेपर्यंत इंचभर खालीवर. आठाची मोजणी न चुकवता सगळ्या वर्गाचा जोम टिकवायचा आणि त्यातच कुणाचा दमलेला गुडघा आत झुकतोय हेही टिपायचे. हे कसब कुणी कमी लेखू नये.

पिलाटीजमध्ये आवर्तने थोडी, नजर एकेका मणक्यावर. ‘हंड्रेड’मध्ये हात शंभर वेळा हलतात, पण तेही श्वासावर: पाच घेताना, पाच सोडताना. रिफॉर्मरची स्प्रिंग हलकी केली की व्यायाम सोपा होतो, असे नवख्या शिक्षिकेला वाटते. हातांवर अंग तोललेले असताना ती हलकी केली, तर आधारच कमी होतो आणि पोटाचे काम वाढते. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करत उठवणारा ‘रोल-अप’ द्यायचा नसतो; तिचे मणके दबून मोडू शकतात. दोन दिवसांत हे हाती येत नाही.

2000 साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने पिलाटीज हे नाव कुणा एकाच्या मालकीचे नाही, असा निकाल दिला. निकाल योग्यच होता. पण नावावर मालकी नाही म्हटल्यावर तेथे ते कुणीही पाटीवर लावू शकते, आणि शिकायला येणाऱ्याला फरक कळायला मार्ग उरत नाही. म्हणून शिक्षिकेचे प्रशिक्षण कशातले व किती तासांचे, हे स्टुडिओंनी वेळापत्रकातच छापावे. तिने दुसराही वर्ग घ्यावा अशी चालकांची इच्छा असेल, तर त्या प्रशिक्षणाचा खर्च त्यांनी उचलावा आणि ते पुरे होईपर्यंत तो वर्ग तिच्यावर लादू नये.