शेतातल्या डब्यात कोणता वेब सर्व्हर?

मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारा डबा हा आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा आवडता प्रोजेक्ट. कारण उघड आहे. निपाणीकडे वेदगंगेच्या काठच्या उसाला पाणी पाजायचं, तर थ्री फेज लाईट कधी मध्यरात्रीही येते, आणि अंधारात बांधावरून मोटरीपर्यंत जाणं कुणालाच नको असतं. डबा बनवताना मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात, "यात वेब सर्व्हर कोणता घालू?"

या डब्याला ना स्क्रीन, ना की-बोर्ड. बसवताना मोबाईल त्याच्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ असा पत्ता टाकायचा आणि उघडलेल्या पानावर मोटरीच्या वेळा, घरच्यांचे नंबर भरायचे. ते पान दाखवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे वेब सर्व्हर. त्या पानापर्यंत परका पोचला, की मोटर त्याच्या हातात गेली. पाणी नसताना चालली तर मोटर जळते, आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या तर ऊस वाळतो.

मुलं सर्व्हर किती लहान आहे ते बघतात. मी आधी बघतो, त्यातल्या चुका कोण दुरुस्त करतं आणि ती दुरुस्ती डब्यापर्यंत कशी पोचते. रॉमपेजर नावाचा असाच एक छोटा सर्व्हर जगभरच्या घरगुती राउटरमध्ये होता. त्यातली मोठी चूक बनवणाऱ्यांनी २००५ मध्येच दुरुस्त केली होती. तरी डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांना तीच चूक असलेली किमान १ कोटी २० लाख उपकरणं सापडली. दुरुस्ती तयार होती, पण राउटर कंपन्या जुनीच आवृत्ती घालत राहिल्या.

म्हणून निवड अशी करा. डब्यात लिनक्सचा बोर्ड असेल, तर लाइटटीपीडी किंवा एनजिनएक्स घ्या; लिनक्सच्या अपडेटबरोबर त्यांचीही दुरुस्ती येत राहते. ईएसपी३२ असेल, तर ईएसपी-आयडीएफमधलाच सर्व्हर वापरा. त्याला एचटीटीपीएस येतं. मात्र ५२० केबी मेमरीत एका सुरक्षित जोडणीला सहज ४० केबी लागतात, म्हणून एका वेळी एक-दोन मोबाईलच जोडू द्या. मोंगूसही चांगला आहे, पण त्याचं फुकट लायसन जीपीएल आहे. आपला कोड न उघडता डबा विकायचा असेल, तर पैसे भरून लायसन घ्यावं लागतं. यातलं काहीही घ्या, दुरुस्त केलेला प्रोग्राम डब्यात दुरून घालता आला पाहिजे, आणि तो तुमचाच आहे हे डिजिटल सहीवरून डब्याने तपासलं पाहिजे.

एचटीटीपीएसची एक अडचण आधीच ओळखा. १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्याला कुठलीही मान्यताप्राप्त संस्था सर्टिफिकेट देत नाही, त्यामुळे ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. "काका, ते लाल पान आलं की पुढे जा म्हणा," असं शेतकऱ्याला शिकवू नका. उद्या बँकेच्या खोट्या पानावरही तेच बोट पुढे जाईल. त्यापेक्षा डब्यावर एक बटण द्या. ते दाबल्यावर दहा मिनिटंच सर्व्हर चालू राहावा आणि मग आपोआप बंद व्हावा. वायफायचा पासवर्ड प्रत्येक डब्याला वेगळा ठेवा आणि झाकणाच्या आत चिकटवा.

सगळ्या डब्यांना 'अ‍ॅडमिन' हा एकच पासवर्ड तर नकोच. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या यादीवर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला, तेव्हाही मूळ पासवर्ड न बदललेले मोडेमच सापडले होते. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी घातली आहे. किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार, हेही तिथे कंपनीला जाहीर करावं लागतं.

आपल्याकडे कुणी विचारो न विचारो, तुमच्या डब्यावर ते वर्ष छापा. मराठीत आणि कन्नडमध्येही. आणि जेवढी वर्षं खरोखर निभावता येतील, तेवढीच लिहा.