झाडांची उंच ताटी

कांदिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या मित्राकडे एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास जाऊन बसा. खोली पश्चिमेची असेल तर बहुधा खिडकीला जाड पडदा आणि भर दिवसा लावलेला दिवा दिसेल, नाही तर कुंपणाच्या भिंतीवर चढवलेले पत्रे. समोर जुनी इमारत पाडून टॉवर झाला, वरच्या गॅलऱ्यांतून आपल्या ताटातली भाजी दिसू लागली, म्हणून पत्रे आले. आमच्याकडेही आले. समुद्राकडून येणारा वारा अडला आणि तापलेल्या पत्र्याची धग मात्र सूर्य मावळेपर्यंत घरात येत राहिली.

माझे मत असे की येथे पत्रा नको, झाड हवे. मात्र आपण लावतो तसे नको. आपण कुंपणालगत ‘अशोक’ म्हणून आसुपालवाचे खांब उभे करतो. (तो खरा अशोक नव्हेच.) त्याची पाने जमिनीपासून लोंबतात, म्हणजे जेथून वारा यावयाचा तेथेच ती आडवी येतात; आणि सावली पडते ती चिंचोळी पट्टी.

मग पाने हवीत तरी कोठे? थोडी भूमिती करू. १५ एप्रिलच्या सुमारास आपल्याकडे दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३१ अंशांवर असतो. ३१ अंशांचा टॅन्जंट ०.६. म्हणजे ६० सेंटिमीटरचा छज्जा खिडकीवर जेमतेम ३६ सेंटिमीटर सावली देतो; बाकीचे ऊन आत. आता झाड खिडकीपासून ३ मीटरवर आहे असे समजा. ऊन तेथे १.८ मीटर वरून येते. खिडकी जमिनीपासून १.२ ते २.४ मीटर उंचीवर असेल, तर पाने ३ ते ४.२ मीटरवर हवीत. तासाभराने सूर्य १७ अंशांवर उतरतो. तेव्हाचे उत्तर येते २.१ ते ३.३ मीटर. म्हणजे साधारण २ मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंतचा पट्टा पुरे! वरून डोकावणारी नजरही याच पट्ट्यात अडते. त्याच्या खाली नुसते बुंधे, त्यांच्यामधून वारा मोकळा.

असे झाड आपोआप होत नाही, घडवावे लागते. हॉलंडमध्ये शेतघरांपुढे लिंडेनच्या झाडांच्या फांद्या आडव्या ताणून अशा उंच ताट्या करतात. आपल्याला हे अगदीच परके नाही. नाशिकचा द्राक्षबागायतदार वेल डोक्याच्या उंचीपर्यंत सरळ नेतो आणि मग मांडवाच्या तारांवर पसरवतो, तत्त्व तेच.

मला बकुळ योग्य वाटते. ती सदाहरित, दाट आणि छाटणी सोसणारी आहे. बांबूची चौकट उभारून कोवळ्या फांद्या तिला आडव्या बांधावयाच्या. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतो. ती आडवी केली की तो दाब कमी होतो आणि डोळे फुटतात. पेन्सिलीएवढी फांदी असतानाच हे करा. जाडी दुप्पट झाली की तेवढीच वाकवायला सोळा पट जोर लागतो, आणि मग फांदी वाकत नाही, मोडते.

पत्र्याहून पान थंड का राहते? एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. पान दिवसभर हेच करीत असते.

तुम्ही म्हणाल, वादळाचे काय? प्रश्न रास्त आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडे पडली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, आणि पाने जितकी उंच तितका बुंधा वाकवणारा जोर अधिक. म्हणून ताटी एका पदराची, विरळच ठेवावी आणि चौकट लवकर काढू नये. शिवाय मुंबईत फांद्या छाटण्यासाठी महानगरपालिकेची परवानगी लागते. अर्ज सोसायटीमार्फत आधीच करावा.

खरी अडचण वेळेची आहे. बकुळ हळू वाढते. आज आठवीत असलेल्याला दहावीच्या अभ्यासाला हिची सावली मिळणार नाही. त्याच्या धाकट्या भावंडाला कदाचित मिळेल. तोवर पडदा आहेच. आणि बांधलेली काथ्याची दोरी दर पावसाळ्याआधी सैल करा, नाही तर ती सालीत रुतते.