तेल कोणते, हे कोणी सांगायचे?

माझ्या भाच्याने ईदी साठवून, वर घरच्यांकडून भर घेऊन हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सायकल घेतली. आठ-दहा महिन्यांत पुढचा लिव्हर दाबला की थेट हँडलला टेकू लागला. बल्लारपुरातले आमचे सायकलवाले चाचा चाकाची आऊट नुसत्या नजरेने काढतात, पण हा ब्रेक त्यांना नवा. त्यांनी मोटारसायकलचे ब्रेक ऑइल भरले. दोन दिवस ब्रेक झकास लागला, मग लिव्हर अडकू लागला आणि कॅलिपर गळू लागले. शेवटी अख्खा ब्रेक बदलावा लागला.

घरात सगळे चाचांवर घसरले. मला ते पटत नाही.

शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. मोटारसायकलीत डॉट ३ किंवा डॉट ४. सायकलींतही स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ लागते. एकाच्या जागी दुसरे गेले की आतले रबरी सील फुगते, कुजते. हे लिव्हरच्या झाकणावर लिहिलेले असते, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. दुकानदाराने सायकल विकताना हवा भरून दिली, घंटी फुकट दिली, तेलाचा शब्द काढला नाही. मग गुन्हा चाचांचाच कसा?

मूळ बिघाडही साधाच होता. नळीत हवा शिरली होती. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लिव्हर पोकळ लागतो. सिरिंजने कॅलिपरकडून योग्य तेल वर ढकलले की बुडबुडे निघतात.

बाकीचे पोरांनी घरी करावे. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, तसेच कसा. चाक काढले असेल तर लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात. पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवा. शिमानोच्या पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदला. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ डिस्कवर बसते. ती स्पिरिटने पुसा. चेनला तेल घालताना मात्र डिस्क झाका. पॅडने एकदा तेल प्याले की तो पुन्हा धड लागत नाही.

आणि शाळेपुरती सायकल असेल तर वायरचा ब्रेक काय वाईट आहे? तो कुठल्याही गावात दुरुस्त होतो. पण पोरांना सांगणार कोण!

चाचांनी आता सिरिंज आणली आहे. डिस्कवाली सायकल आली की आधी विचारतात, "पहले ये बता, तेल कौनसा?"