पाळण्याचे गज मोजताना

आमच्या घरी एक सागवानी पाळणा आहे. आजोबांनी माझ्या वडिलांच्या वेळी करून घेतला. कातीव गज, चार कोपऱ्यांना चार कळस, टांगायला पितळी कड्या. वडील, दोन आत्या, आम्ही तिघे भावंडे आणि पुढे आमची मुले, सगळी याच पाळण्यात झोपली. प्रत्येक बारशाला त्याला ऑइलपेंटचा नवा हात मिळे. त्यामुळे आज तांबड्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली पिवळा, असा घराण्याचा इतिहासच त्यावर थरांनी चढला आहे.

लेक न्यू जर्सीत असते. तिचे दिवस भरत आले तेव्हा आमच्या मंडळींनी डिंकाच्या लाडवांबरोबर पाळणाही न्यायचा बेत केला. तो सुटा होतो, तेव्हा सामानात बसलाही असता. लेकीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, ''बाबा, आधी दोन गजांमधलं अंतर मोजा.'' मला थोडा रागच आला. तीन पिढ्यांना चालला तो पाळणा हिला चालू नये! तरी टेप घेऊन बसलो. अंतर भरले नऊ सेंटिमीटर. तिकडची मर्यादा सहाची आहे.

हे सहा सेंटिमीटर (त्यांच्या हिशेबात दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच) कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेले नाहीत. तान्ह्या मुलाचे डोके कमरेपेक्षा मोठे असते. मूल वळवळत पायांकडून गजांमधून सरकते, कंबर जाते, छाती जाते आणि डोके अडकते. पाय अधांतरी, भार सगळा मानेवर. अशी मुले दगावली म्हणून अमेरिकेत १९७४ पासून 'क्रिब'च्या गजांवर ही मर्यादा आली. घरच्या घरी पाहायचे तर शीतपेयाचा नेहमीचा जाडसर डबा गजांमधून जातो का ते पाहावे. गेला, तर पाळणा बाद. आमच्या पाळण्यातून तो आरामात गेला.

मग मी बाकीचे नियमही वाचून काढले. तिकडे एक बाजू खाली-वर सरकणारे क्रिब पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते. खिळखिळी झालेली बाजू सुटे आणि मूल फटीत घुसमटे. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशी किमान ३२ मुले गेल्याची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने केली. डिसेंबर २०१० मध्ये नवे मानक मंजूर झाले आणि २८ जून २०११ पासून असे क्रिब बनवणेच नव्हे, तर जुने विकणेही बेकायदा ठरले. पाळणाघरांना आणि हॉटेलांना बदलासाठी डिसेंबर २०१२ पर्यंतची मुदत मिळाली. आयोगाचा हात पोचला नाही तो फक्त घरात. मावशीने भाचीला दिलेला क्रिब कोण तपासणार? जुन्या पाळण्याचा खरा प्रवास तर याच वाटेने होतो.

आमचे कळसही नापास झाले. कोपऱ्याचा खांब कडेच्या वर जेमतेम दीड मिलिमीटर आलेला चालतो, कारण उभे राहू लागलेल्या मुलाच्या गळ्यातला दोरा किंवा अंगड्याचा बंद त्यात अडकतो. गळ्यात काळा दोरा बांधणाऱ्या आम्हा लोकांना हे कुणी सांगायला नको होते. राहता राहिला रंग. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता, आणि दात येऊ लागलेले मूल पाळण्याची कड चावतेच. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्येच बंदी घातली. आपल्याकडे दहा लाख भागांत ९० ही मर्यादा आली २०१६ च्या नियमांनी, तीही नोव्हेंबर २०१७ पासून. सुतार म्हणाला, पॉलिशपेपरने घासून देतो. तेच सगळ्यात वाईट, कारण रंगातले शिसे मग धुळीने घरभर होते.

अर्थात तिकडचे सगळेच शहाणपण मला मान्य नाही. पन्नासच्या दशकापासून डॉ. स्पॉक यांचे जगभर गाजलेले पुस्तक मुलांना पालथे झोपवा असे सांगत होते. १९९२ मध्ये तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पालथे झोपवू नका असे सांगितले आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढे निम्म्यावर आले. आमच्या आज्या मुलाला उताणेच निजवत. पण म्हणून त्यांचे सगळेच बरोबर, असेही नाही. बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून आपण मोहरीची उशी देतो. बाळाच्या अंथरुणात उशीच नको, असे आज सांगितले जाते.

आपल्याकडे खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर हवे, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली. चांगलेच झाले. पण त्या पाळणाघरातल्या पाळण्याचे गज मोजले जातात का? मी दोन दुकानांत जाऊन गजांच्या अंतराची चौकशी केली. एकाने मला गुलाबी आणि निळा असे दोन रंग दाखवले. दुसरा म्हणाला, ''काका, आजवर कुणाची तक्रार नाही.''

आमच्याही घरी कुणाची तक्रार नव्हती. आमच्या पाळण्याचा एक गज आंब्याच्या लाकडाचा आहे. त्याची गोष्ट घरातल्या प्रत्येक कार्यात निघते. धाकटा भाऊ सात महिन्यांचा असताना गजांत अडकला आणि आजोबांनी करवतीने गज कापून त्याला सोडवला. पुढे तो वकील झाला, तेव्हा 'डोकं तेव्हापासूनच मोठं' यावर आम्ही पोट धरून हसत आलो. टेप हातात असताना मला तो गज दिसला आणि मी आईला फोन लावला. ती नव्वदीला आली आहे.

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ''हसायला सगळे नंतर लागले रे. मी माजघरातून आले तेव्हा निळा पडला होता तो.'' त्यानंतर वर्षभर ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपत असे. आम्हाला वाटे, मुलाला झोका द्यायला. दोरी हिसकली की जाग यावी, म्हणून ती बांधत होती. इतक्या वर्षांच्या हसण्यात ती कधी हसली होती का, ते मला आठवत नाही.

नात झाली. ती न्यू जर्सीतच विकत घेतलेल्या, साध्या, बिनकळसाच्या क्रिबमध्ये झोपते. उशी नाही, दुलई नाही. मंडळींना तो पिंजरा वाटतो. पाळणा इथेच राहिला. माझ्या एका स्नेह्यांनी तो नातवासाठी मागितला आहे. सागवानी आहे, पुन्हा शकुनाचा. मी दोनदा 'दुरुस्तीला आहे' असे खोटेच सांगितले. परवा त्यांचा तिसरा फोन आला. रविवारी या म्हटले आहे, आणि टेप बाहेर काढून ठेवली आहे.