पाण्याच्या वाटा आणि श्रमाचा हक्क

नेरुळच्या खाडीकाठी, डीपीएस तलाव या नावाने ओळखले जाणारे सुमारे ३० एकरांचे पाणथळ आहे. भरतीच्या वेळी ठाणे खाडीतील चिखलाची मैदाने पाण्याखाली जातात; तेवढा वेळ फ्लेमिंगोंचे थवे या उथळ तलावाच्या आश्रयाला येतात. हा तलाव जिवंत राहतो तो खाडीच्या पाण्याची ये-जा चालू असते म्हणून. लगतच्या बांधकामांमुळे या पाण्याच्या वाटा बुजत गेल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला. त्याच एप्रिलमध्ये या परिसरात फ्लेमिंगो मरून पडले. रहिवाशांनी मानवी साखळ्या केल्या, निवेदने दिली, अधिकाऱ्यांना जाब विचारला. अखेर २०२५ साली हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. लोकांच्या रेट्याला आलेले हे यश आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु स्वागत करून थांबणे आपल्याला परवडणारे नाही. नवी मुंबईत रविवारी सकाळी खारफुटीत अडकलेले प्लास्टिक वेचणारे, ओढ्यांतील कचरा उपसणारे तरुण दिसतात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्यांनी रविवारी मोकळी केलेली वाट सोमवारी भरावाच्या डंपरने बुजवली, तर त्या वाटेवर त्यांचा अधिकार कोणता? आजचे उत्तर, कोणताही नाही. ज्याच्या हाती फावडे आहे त्याच्या हाती निर्णय नाही, हे या प्रश्नाचे मूळ दुखणे आहे.

या भूमीला हे नेहमीचेच होते असे मात्र नाही. ठाणे-रायगडच्या खारजमिनी आगरी-कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशी झुंजून राखल्या. बांध घालणे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडणे व भरतीचे पाणी अडवणे, बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री घमेली घेऊन धावणे, हे सारे गावकीचे काम होते. या श्रमाला कोणी दान म्हटले नाही. कारण त्यामागे शेत होते, मीठ होते, मासळी होती आणि बांधाविषयी निर्णय घेण्याचा गावाचा अधिकार होता. पुढे खारबंदिस्तीची जबाबदारी शासनाकडे गेली. बांध सरकारचा झाला, गाव मात्र त्याच्या देखभालीपासून तुटत गेले.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. जी जमीन उत्पादनाचे साधन होती ती भूखंड झाली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मिळवून दिले. परंतु शेताबरोबर खाडी, ओढा आणि खाजणावरील जो सामुदायिक वहिवाटीचा हक्क गेला, त्याचा हिशेब कोणत्याच तहात झाला नाही. भूखंडाला बाजारात भाव असतो; भरतीचे पाणी जिरवणाऱ्या चिखलाला नसतो. म्हणून चिखल हा ‘मोकळी जागा’ ठरतो.

या हिशेबाची किंमत शहर आजही मोजत आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून नियोजनकारांनी धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. जुन्या उघाडीचेच हे मोठे रूप. पण वर्षानुवर्षे गाळ न उपसल्याने तलाव उथळ झाले, त्यांत खारफुटी वाढली. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तो योग्यच आहे. मात्र पूर टाळण्यासाठी गाळ कोठे काढायचा आणि कोणती खारफुटी अबाधित राखायची, हा निवाडा आता तेथे राहणाऱ्यांना वगळून फायलींवर होतो.

आपल्यातील काहीजण विचारतील, घरकुल आणि रोजगाराचे प्रश्न सोडून पक्ष्यांची काळजी कशाला? ही मध्यमवर्गाची हौस नव्हे काय? याचे उत्तर तळोजाने दिले आहे. २०१७ साली तेथील एका रंगकारखान्याच्या रसायनांमुळे रस्त्यावरची कुत्री निळी झाली, तेव्हा देशभर गवगवा झाला. पण तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाने खाडीतली मासळी आणि कोळ्याचे जाळे रिकामे होत होते, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ज्या पाण्यावर फ्लेमिंगो जगतो त्याच पाण्यावर निवटी, कोळंबी आणि खेकडा जगतो. थवा निघून जातो तेव्हा कोळणीची पाटीही हलकी झालेली असते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. श्रमदानाची महती गाऊन शासन आपली जबाबदारी नागरिकांच्या खांद्यावर टाकू शकते. ज्या ओढ्याची सफाई कंत्राटी कामगाराला योग्य वेतन देऊन व्हावयास हवी ती स्वयंसेवकांकडून फुकट करून घेणे, हा सहभाग नव्हे. विमानतळासाठी याच शहरात उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. त्यासाठी पैसा, यंत्रे, इच्छाशक्ती सारे काही मिळाले. नदी हलवू शकणाऱ्या यंत्रणेला तलावाच्या तोंडची माती काढता येत नाही, हे कोणी मानावे?

सामायिक साधनसंपत्ती एक तर सरकारच्या किंवा खाजगी मालकाच्या ताब्यात द्यावी, नाही तर ती नष्ट होते, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ शिकवले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या पाटपाण्याच्या, जंगलांच्या आणि मासेमारीच्या व्यवस्था अभ्यासून तिसरा मार्ग दाखवला; २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साधन वापरणारे लोक स्वतः नियम करतात, देखरेख करतात आणि त्या नियमांना शासन मान्यता देते, तेथे साधन टिकते. खारबांधावरच्या आपल्या माणसांना हे पुस्तकाविना ठाऊक होते.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. शहरातील प्रत्येक ओढा, भरतीची वाट आणि पाणथळ विकास आराखड्यात सीमांकित करून नोंदवावे. त्यांच्या देखरेखीसाठी कोळी, मूळ गावठाणातील रहिवासी, नव्या वसाहतींतील नागरिक आणि सफाई कामगार यांच्या समित्या कायदेशीर अधिकारांसह स्थापन कराव्यात. भरावाचे काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असावा. पाणी बिघडवणाऱ्याकडून ते सुधारण्याचा खर्च वसूल करावा.

रविवारी फावडे घेऊन जाणाऱ्या तरुणांसोबत आपण गेलेच पाहिजे. सेवा दलाच्या शिबिरांत घाम गाळलेल्यांना हे सांगावे लागू नये. पण त्याच तरुणांना घेऊन सोमवारी महापालिकेच्या दारात उभे राहणे, आणि गावठाण व वसाहत यांच्यातील दुरावा त्या कामातून मिटवणे, हे पक्षाचे काम आहे. गाळ श्रमाने निघतो. वाट मोकळी राहते ती हक्काने.