रोजची झाडाझडती

‘एकदाच खंबीर माणूस निवडून द्यावा आणि मग पाच वर्षे त्याला कुणी अडवू नये’ हे वाक्य आता लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत अगदी सहज ऐकू येते. ते बोलणारी माणसे वाईट नाहीत. ती थकलेली आहेत. वर्षानुवर्षे रखडलेला पूल आणि रातोरात बदलणाऱ्या निष्ठा पाहून कोणीही थकेल. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही जगातील राज्यपद्धतींच्या तुलनेला दिला, तो या थकव्यामुळेच. त्याला रागावून उत्तर देता येत नाही. ही मागणी जिथे खरोखर पुरी झाली तिथे पुढे काय घडले, ते सविस्तर सांगावे लागते.

कुठला देश कितव्या क्रमांकावर, या वादात आम्हाला फारसा रस नाही. तुलनेचा याहून नेमका मापदंड आपल्याच संविधान सभेत सांगितला गेला आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची अध्यक्षीय आणि ब्रिटनची संसदीय पद्धत शेजारी शेजारी ठेवली. सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या मापाने देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. अध्यक्षीय पद्धतीत सरकारच्या कामाची तपासणी ठरावीक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत निवडणुकीतली तपासणी असतेच. शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव यांतून सभागृह ती रोज करत असते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक वजन दिले. हे वजन भाबडेपणाने दिलेले नव्हते. आदल्याच वर्षी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विधिमंडळाला मुदतीआधी हटवता येणार नाही असे मंत्रिमंडळ सुचवले होते. भारतातले बहुमत जातीधर्माचे असेल आणि ते कायमचे असेल, ही भीती त्यामागे होती. म्हणजे दुसरी वाट त्यांनी पुरती पाहिली होती.

ती दुसरी वाट आपल्या शेजाऱ्याने धरली. 1977 च्या निवडणुकीत जे. आर. जयवर्धने यांच्या पक्षाला श्रीलंकेच्या संसदेत 168 पैकी 140 जागा मिळाल्या. वेगवान आर्थिक विकासाला संसदेच्या लहरींपासून मुक्त असे कार्यकारी पद हवे, ही मांडणी ते साठच्या दशकापासून करत होते. 1978 मध्ये ते स्वतःच कार्यकारी अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी नवे संविधान आले. चार वर्षांनी संसदीय निवडणुकीची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडणूकच घेतली नाही. डिसेंबर 1982 मध्ये सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदत आणखी सहा वर्षांनी वाढवली. तत्पूर्वी स्वपक्षाच्या खासदारांकडून तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले. ज्या खासदाराचा राजीनामा अध्यक्षाच्या खणात पडून आहे, तो अध्यक्षाला प्रश्न काय विचारणार? पुढच्याच जुलैत तमिळांच्या कत्तली झाल्या आणि देश दीर्घ यादवीत लोटला गेला. त्या यादवीचे खापर एकट्या अध्यक्षपदावर फोडणे अन्यायाचे होईल. मळ्यांतल्या तमिळांचे नागरिकत्व 1948 मध्ये संसदीय बहुमतानेच हिरावले होते, आणि सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा 1956 मध्ये संसदेनेच केला होता. बाबासाहेबांची 1947 ची भीती खरी कशी ठरते, ते पाहायचे असेल तर कोलंबोकडे पाहावे. पण संकट आल्यावर वाट बदलण्याची जी थोडीफार शक्यता संसदेत असते, तीही 1978 नंतर उरली नाही.

कार्यकारी अध्यक्षपद रद्द करू, असे आश्वासन चंद्रिका कुमारतुंगा यांनी 1994 मध्ये दिले होते. पद राहिले. 2010 मध्ये दोनच मुदतींची अट काढली गेली, 2015 मध्ये ती परत आली आणि अध्यक्षाचे काही अधिकारही छाटले गेले. 2020 मध्ये त्यांतले बरेचसे अधिकार अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी परत मिळवले. मग 2021 मध्ये त्यांनी रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. शेतकरी ओरडत होते, शेतीतज्ज्ञ धोक्याची सूचना देत होते, पण निर्णय रोखण्याची ताकद कुठल्याच सभागृहात नव्हती. काही महिन्यांत बंदी मागे घेतली तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. 2022 च्या एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली, 9 जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि 13 तारखेला अध्यक्ष लष्करी विमानाने मालदीवला निघून गेले. त्यांना घरी पाठवायला अखेर रस्त्यावरची गर्दी लागली.

आपल्याकडे ही वाट टळली ती थोडक्यात. आणीबाणीत, 1975 च्या अखेरीस, अध्यक्षीय पद्धतीची शिफारस करणारे एक टिपण दिल्लीत फिरले. ते बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडले गेले. घटनादुरुस्त्या सुचवण्यासाठी नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने संसदीय चौकट कायम ठेवली, पण 42 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे झालीच. जनता राजवटीत 44 व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली. ही दुरुस्ती झाली 1978 मध्ये, ज्या वर्षी श्रीलंका उलट दिशेने निघाली होती.

मग संसदीय पद्धत म्हटली की सगळे आलबेल का? मुळीच नाही. 12 सप्टेंबर 1932 रोजी जर्मनीच्या संसदेने चॅन्सेलर पापेन यांच्यावर 512 विरुद्ध 42 मतांनी अविश्वास दाखवला. नाझी आणि कम्युनिस्ट एकाच बाजूने मतदान करत होते. सरकार पाडण्यावर त्यांचे एकमत होते, बनवण्यावर कधीच होणार नव्हते. साडेचार महिन्यांनी हिटलर चॅन्सेलर झाला. ही जखम लक्षात ठेवून 1949 च्या जर्मन संविधानाने अट घातली की, चॅन्सेलरला हटवायचे तर त्याच ठरावाने नवा निवडला पाहिजे. ही तरतूद आजवर एकदाच यशस्वी झाली, 1982 मध्ये, हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले तेव्हा. नेपाळने 2015 च्या संविधानात तशीच अट घेतली, वर पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणताच येणार नाही असेही लिहिले. तरीही तिथे एकाही पंतप्रधानाला पूर्ण मुदत मिळाली नाही, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तरुणांच्या उद्रेकात ओली सरकार कोसळले. कलम तेच, नशीब वेगळे. पदांची फिरवाफिरव आपसात ठरवून घेणाऱ्या पक्षांना कलमाने बांधता येत नाही.

दक्षिण कोरियाची हकिकत आम्हाला सर्वांत आश्वासक वाटते, आणि ती अध्यक्षीय देशाची आहे. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेत घुसत असताना खासदार कुंपणावरून उड्या मारून आत पोहोचले आणि 190 विरुद्ध शून्य मतांनी त्यांनी तो मागे घेण्याचा ठराव केला. संसदेच्या बहुमताने मागणी केली तर अध्यक्षाला लष्करी कायदा उठवावाच लागेल, असे 1987 च्या संविधानात लिहिलेले आहे. लष्करी कायद्याचा अर्थ काय असतो, ते देशाने 1980 च्या मे महिन्यात ग्वांगजूत पाहिले होते, लष्कराने नागरिकांना मारले तेव्हा. 4 एप्रिल 2025 रोजी संविधान न्यायालयाने एकमताने अध्यक्षांना पदावरून दूर केले. उलट चीनमध्ये माओच्या अनुभवानंतर 1982 साली घातलेली राष्ट्राध्यक्षाची दोन मुदतींची मर्यादा 2018 मध्ये 2,958 विरुद्ध 2 मतांनी निघाली. चीनच्या वेगवान रेल्वेचे कौतुक जरूर करावे. पण त्या सभागृहात तिसऱ्या माणसालाही विरोधात मत देता आले नाही, हेही त्याच वाक्यात सांगावे.

या मापाने आपण स्वतःलाही मोजले पाहिजे. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 मध्ये स्थैर्यासाठी आला. त्याने साध्या विधेयकावरही खासदाराला व्हिपच्या दावणीला बांधले आणि सरकारी बाकांवरून होणारी रोजची तपासणी जवळपास संपवली. एवढी किंमत मोजून स्थैर्य तरी मिळाले का, हे 2022 आणि 2023 ची महाराष्ट्रातली पक्षफूट पाहिलेल्यांना विचारावे. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. सतराव्या लोकसभेने पूर्ण मुदत उपाध्यक्षाशिवाय काढली. डिसेंबर 2023 मध्ये 146 खासदार निलंबित असताना महत्त्वाचे फौजदारी कायदे मंजूर झाले. या शेवटच्या तिन्हींतली एकही गोष्ट क्षुल्लक नाही, आणि एकीसाठीही संविधान बदलावे लागले नाही. सवय बदलली, तेवढे पुरले.

सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या दारातले आहे. मुदत संपण्याआधी पालिकेची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे संविधानाचे 243-यू हे कलम सांगते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात चालत राहिले आणि साडेतीन वर्षे उलटली तरी कारभार प्रशासकाच्याच हाती होता. या काळात अर्थसंकल्प मांडणारे आणि तो मंजूर करणारे प्रशासनच होते. स्थायी समिती नव्हती, नगरसेवक नव्हता, नळाला पाणी का येत नाही हे सभागृहात विचारणारे कुणी नव्हते. अधिकारी कार्यक्षम होते, असे आपण धरून चालू. तरी त्यांना जाब विचारायची जागाच बंद होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या, असे बजावावे लागले. या साऱ्या काळात त्यासाठी मोठा मोर्चा निघाला नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते. कलम मोडले तर कुणाला काय भोगावे लागेल, हे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही. ते लिहून घेण्याची मागणी आम्ही या अंकातून करत आहोत. प्रशासकांच्या काळावरचा लेख म्हणूनच मुख्य विभागात पहिला ठेवला आहे. वाचकांनी तो आधी वाचावा आणि मग कोलंबो, बर्लिन, सोलकडे वळावे, ही विनंती.